कडूकंदाचा पहिला घास

माझ्या भावाला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी आदिमानव व्हायचं खूळ लागलं. संघपाल त्याचं नाव. पुण्याची चांगली नोकरी सोडली, कुठल्याशा डोंगरात महिनाभराचा कोर्स केला आणि रोहिणखेडच्या पलीकडे, डोंगराला लागून असलेल्या आमच्या वावरात शहरातल्या लोकांची शिबिरं भरवायला लागला. काडेपेटी नाही, चाकू नाही, तीन दिवस जंगल देईल तेवढंच खायचं. माणसं हौसेने उपाशी राहायला यायची. मी मलकापूरला शाळेत शिकवते, खुळ्या पोरांची मला सवय आहे. पण खुळा आपलाच भाऊ निघाला की डोकं जास्त फिरतं.

सगळ्यात जास्त फिरलं ते आमच्या आईचं. केसरबाई आता पंचाहत्तरीला आली. बहात्तरच्या दुष्काळात तिने सरकारी कामावर खडी फोडली, तेव्हाची वाकडी झालेली बोटं अजून सरळ होत नाहीत. जमिनीतून जे उपटता येतं ते सगळं तिने तेव्हा खाल्लं. त्यामुळे आमच्या घरात रानातल्या तरोट्याची भाजी कधी शिजली नाही. बाबांनी एकदा मोठ्या कौतुकाने आणली, तर तिने ती उकिरड्यावर फेकली आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पोरांनी शिकावं, साहेब व्हावं आणि पुन्हा कधी रानाच्या तोंडाकडे बघू नये, एवढाच तिचा हट्ट. पोरगा साहेब झाला आणि परत येऊन लाकडावर लाकूड घासत बसला. ज्या दिवशी त्याने तसा पहिला विस्तव पाडला, त्या दिवशी तो अंगणात नाचत आला. आईने काडेपेटी उचलून त्याच्या अंगावर भिरकावली.

तरी तो निलाजरा तिच्या मागे लागायचा.

"माय, तुले सारे कंद माहीत हायेत. पाव्हण्याइले एक डाव दाखव ना."

"भुकेची शिकवणी नाई घेत मी."

"अवं, हे आपलं ज्ञान हाय. लोकाइले आता कदर हाय त्याची."

"मंग त्या लोकाइलेच पुस. माह्या तोंडून काई निंगनार नाई."

खरंच निघालं नाही. मी तेव्हा मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या होत्या. आता त्याची लाज वाटते, कारण आईने सांगितलं नाही म्हणून त्याने मोबाइलला विचारलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले, तेव्हा शिबिराचा तिसरा दिवस होता. संघपालची नऊ वर्षांची प्रेरणा पुण्याहून आली होती, तिलाही त्याने शिबिरात बसवलं होतं. नातीच्या पोटात दोन दिवस भाकरी नाही म्हटल्यावर आईचा पारा चढला. तिने दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला, लुगड्याच्या आड लपवला आणि भर दुपारी मला घेऊन वावरात निघाली.

चौदा माणसं झाडाखाली गोल करून बसली होती. मध्ये तीन दगडांवर मडकं आणि पानांवर वाढायची तयारी. संघपाल उभा राहून भाषण करत होता. आईने मडक्यात डोकावलं. पांढऱ्या चकत्या होत्या. तिने एक उचलली, अंगठ्याने दाबली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली.

"कडूकंद हाय हा. किती रोज पान्यात ठुला?"

"रातभर बादलीत ठेवला व्हता. मंग दोनदा उकळला, पानी फेकलं." आणि पाहुण्यांकडे वळून तो साखर पेरल्या आवाजात म्हणाला, "या आमच्या मातोश्री. यांच्या पिढीचा हा रोजचा आहार होता."

रोजचा आहार! मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

"वाहत्या पान्यात ठुवा लागते," आई म्हणाली. "टोपल्यात घालून, नाल्यात, तीन रोज. बादलीनं जहर जात नाई. फेक ते."

"माय, मी सकाळीच एक तुकडा खाल्ला. काई झालं नाई. तू घरी जा."

"एका तुकड्यानं नाई होत. फेक म्हन्लं ना!"

पाहुण्यांपैकी एक बाई मोबाइल धरून आईचं चित्रण करू लागली. ते पाहून संघपालच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. चार महिन्यांत जमवलेली त्याची सगळी इज्जत त्या झाडाखाली बसली होती. तो माझ्याकडे पाहून ओरडला, "सुवर्णा, नेऊन राह्यली का इले? हिचं वय झालं, काही बी बोलते." मग हात जोडून पाहुण्यांना म्हणाला, "माफ करा. आपण सुरुवात करू."

मी आईचा दंड धरला. तिने तो झटकला. तिचा आवाज एकदम खाली आला.

"बरं. माह्यं वय झालं. तू शिकेल हायेस. मंग पयला घास प्रेरणाले दे."

प्रेरणा तिथेच बसली होती, समोर पळसाचं पान. संघपालने चिडूनच दोन चकत्या उचलल्या. वाकला. पोरीने तोंडही उघडलं. त्याचा हात तिच्या ओठांपासून वीतभर अंतरावर थांबला आणि पुढे जाईना. आम्ही सगळे त्या हाताकडे पाहत होतो.

"काऊन बे?" आई म्हणाली. "दे ना."

त्याने चकत्या खाली टाकल्या.

"मी देला व्हता," आई म्हणाली.

तिने पायाने मडकं लवंडलं. मोबाइलवाल्या बाईने मोबाइल खाली घेतला.

त्या दुष्काळात सगळे नाले कोरडे पडले होते, हे आईने मग उभ्या उभ्याच सांगितलं, कुणाकडे न बघता. वाहतं पाणी नव्हतं. आणि असतं तरी तीन दिवस थांबायची ताकद तिच्या पोरीत नव्हती. दोन वर्षांची होती. आईने मडक्यातल्या पाण्यात कंद रात्रभर ठेवला, दोनदा उकळला आणि पहिला घास तिला भरवला, कारण जास्त भूक तिला होती. माझ्या आधी या घरात एक मुलगी होती, हे मला पन्नाशीत कळलं. मला आईचा राग आला, भावाचा आला, आणि त्या झाडाखाली बसलेल्या चौदा धडधाकट माणसांचा तर फारच आला.

आईने फडकं सोडून प्रेरणाच्या हातात भाकरी दिली. पोरगी घाबरून खायला लागली. संघपाल जमिनीवर बसला होता. त्याने विचारलं,

"माय, नाव काय व्हतं तिचं?"

"तुले कायले पाह्यजे?" आई म्हणाली. "उद्या पाव्हण्याइले सांगत बसशीन."

तिने नाव सांगितलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, मलाही नाही.