भाटव्याचा घोटा

मी सारं तारुण्य माणसांचे घोटे धरण्यात घालवलं. हसू नका. कुणी वकील झालं, कुणी तलाठी झालं, मी हुतूतूतला डाव्या कोपऱ्याचा गडी झालो आणि त्यावरच पोट भरलं. चढाई करणाऱ्याचं नाव गावोगाव होतं, पोट्टे त्याला खांद्यावर घेऊन नाचतात. कोपऱ्यातल्याला कोण विचारतं? त्यानं वाकून उभं राहायचं, समोरचा आला की त्याच्या पायावर झेप घालायची, टाच तोंडावर खायची आणि पकड सोडायची नाही.

आणि भ्यायचं. हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. चढाई करणारा आपल्या मर्जीनं येतो, आपण मात्र त्याची वाट पाहत उभे. भीती त्या वाट पाहण्यात असते, राजेहो. नऊ वर्षं खेळलो, पण न भिता एकही सामना गेला नाही. मी दोन्ही तळव्यांना माती चोळायचो. लोकांना वाटायचं, पकड घट्ट बसावी म्हणून चोळतो. मी घाम पुसत असायचो.

पातूरजवळ आमची भाजीची वाडी होती. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर. वडील लहानपणीच गेले, घरात आई, मी आणि धाकटी बहीण. एका जत्रेत गंमत म्हणून खेळायला उतरलो आणि एका दांडग्या गड्याचा पाय असा धरला की तो जागचा हलेना. अकोल्याच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, संघाचे उस्ताद ते पाहत होते. जवळ येऊन माझी बोटं उलटीपालटी करून पाहिली अन् म्हणाले, "वांगे तोडून तोडून इतका जोर आला का बे? चाल माह्यासंगं."

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. कापसाचे दिवस होते आणि जिनवाल्या शेठांना आपापल्या हुतूतूच्या संघांचा भारी शौक. कागदावर मी रुईच्या गाठींवर शिक्के मारणारा कामगार होतो. तो शिक्का मी कधी धड हातात धरला नाही. सकाळी बैठका, दुपारनंतर मैदान, वर शेठकडून दूध आणि बदाम. मला जिनाच्या आवारात जी खोली मिळाली, ती माझ्या आधीच्या कोपऱ्याच्या गड्याची होती. त्याचा गुडघा गेला, तशी आठ दिवसांत त्याला खोली सोडावी लागली. खुंटीवर त्याचा पंचा तसाच लटकत होता. तो काढायची माझी कित्येक महिने छाती झाली नाही.

उस्तादांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, डोळ्यानं खेळायचं नाही, कानानं खेळायचं. हुतूतू म्हणत आलेल्या गड्याला एका दमात आपल्या रेषेपर्यंत परत जावं लागतं. त्याचा आवाज बारीक झाला की झेप घालायची आणि दम तुटला असं ऐकू येईपर्यंत धरून ठेवायचं. दुसरी गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात ठोकून ठोकून भरली. "पाय ढिला पडला तं समज, लबाडी करून राहिला. तवाच जास्त आवळजो." चढाईवाले खरंच असे इब्लिस असत. मेल्यासारखे पडायचे, आणि तुम्ही बोटं सैल केली की सापासारखे निसटायचे. पहिल्या वर्षी मी दोनदा असा फसलो. दुसऱ्यांदा उस्तादांनी साऱ्या संघासमोर माझ्या कानफटात दिली. त्यानंतर पाय ढिला पडला की माझे हात आपोआप आवळायचे. मला विचार करावा लागत नसे.

बहिणीचं लग्न वलगावला झालं. काळीचं शेत असलेलं चांगलं घर. आणि आमचा भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, वलगावच्या संघाचा पहिला चढाईवाला. सडपातळ, हसरा, दम असा की एका श्वासात अख्खं मैदान फिरून यावं. पहिल्या दिवाळीला तो पातूरला आला. वडील नसल्यामुळे जावयाचे पाय धुवायचा मान माझा. मी परात पुढे घेतली, तांब्यानं कोमट पाणी घातलं. उजव्या घोट्यावर विळ्याची जुनी खूण होती. पाय धुता धुता तो घोटा माझ्या पंजात नीट बसतो का, हे मी नकळत पाहत होतो. त्याच्या ते बरोबर लक्षात आलं.

"पाहून घ्या साळेबुवा, पोटभर पाहून घ्या," तो म्हणाला. "परातीत सापडला, मैदानात सापडणार नाई!"

सारे हसले. मीही हसलो. बहीण तेवढी हसली नाही. तिनं माझ्या हाताखाली कळवळणारे गडी लहानपणापासून पाहिले होते.

पुढे माघात अमरावतीला सामने भरले आणि शेवटच्या सामन्यात आमचा संघ वलगावसमोर आला. ते कळलं तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अमरावतीला उतरलो, तेव्हा मैदानाच्या कडेला वलगावचे छकडे सुटलेले होते. एका छकड्यात बहीण बसली होती. तिनं मला हाक मारली, शिदोरीतली तिळाची पोळी हातावर ठेवली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "भाऊ, खेळ हाय, धरणं तं पडलंच. पण जपून धरजो त्याईले. माह्या जिवाले आज काई बरं वाटून नाई राहिलं."

"अवं येडे, हुतूतूत कोणी मेलं का आजपर्यंत?" मी म्हणालो.

असं बोलू नये. पण बोललो खरा.

उस्ताद माझी वाटच पाहत होते. तिळाची पोळी त्यांनी पाहिली होती. "भाटव्याले सोडशील तं लोकं माह्या तोंडात शेण घालतीन," ते हळू आवाजात म्हणाले. "अन् तू सरळ पातूरले जाशील, वांगे तोडाले." इकडे आड, तिकडे विहीर. मी तळव्यांना माती चोळली, पुन्हा चोळली, तरी घाम काही हटेना.

सामना शेवटपर्यंत बरोबरीत राहिला. तोवर भाटवा चार वेळा माझ्या कोपऱ्यात येऊन गेला आणि चारही वेळा माझा हात अर्ध्या क्षणानं मागे पडला. खरंच मागे पडला की मी पाडला, हे आज देवाशपथ सांगता येत नाही. आमच्याच गड्यांपैकी एक जण मोठ्यानं ओरडला, "जवाई हाय न त्याचा! पाय धुवून राहिला तो!" मैदानभर हशा पिकला. माझे कान तापले. मनात म्हटलं, येऊ दे आता. तिथेच माझं चुकलं. नऊ वर्षं मी भिऊन खेळलो होतो आणि भिऊन खेळणारा माणूस जपून खेळतो. त्या वेळी मला राग आला होता.

शेवटच्या चढाईला तो आला. हुतूतू हुतूतू, स्वच्छ, मोकळा आवाज. त्यानं आमच्या एका गड्याला हात लावला आणि वळला. मी झेप घेतली. उजवा घोटा, विळ्याच्या खुणेसकट, माझ्या पंजात आला. तो तोंडावर आपटला. त्याची बोटं रेषेपासून एका वितीवर होती, म्हणून आमचे उरलेले सगळे त्याच्या अंगावर पडले. मी सर्वांत खाली, त्याच्या पायाशी. माझं डोकं त्याच्या पोटरीला टेकलेलं. धूळ, घाम आणि वर माणसांचा ढीग.

आमच्याकडे रीत अशी की आपला गडी पकडीत सापडला की त्याच्या बाजूचे लोक कडेला उभं राहून त्याच्याबरोबर हुतूतू म्हणू लागतात. त्यानं गड्याला जोर येतो. त्या दिवशी सारं वलगाव ओरडत होतं. बायका, म्हातारे, छकड्यांवर चढलेली पोरं, सारे. हुतूतू, हुतूतू. ढिगाच्या आत मला तोच आवाज येत होता आणि मला वाटत होतं, काय दम आहे बाप्पा भाटव्याचा! अजून तुटत नाही! पंचालाही तेच वाटलं असणार, कारण शिट्टी काही वाजली नाही.

मग त्याचा पाय ढिला पडला.

आधी तो जोरात ओढत होता, टाचा झाडत होता. मग एकदम सैल. मला वाटलं, आली लबाडी. माझे हात आपोआप आवळले. मी नखं रुतवली, राजेहो, स्वतःच्या बहिणीच्या कुंकवाच्या पायात मी नखं रुतवली. तिच्याच तोंडचे शब्द डोक्यात होते, जपून धरजो, आणि हात उस्तादांचं ऐकत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. लोकांचाच दम संपला तेव्हा ती हुतूतू हळूहळू विरळ झाली आणि बंद पडली. त्या शांततेत ढिगाच्या आतून कुणाचाच आवाज येत नव्हता.

सारे उठले. तो उठला नाही. उस्तादांनी त्याला उताणा केला. तोंडात, नाकात, सगळीकडे माती गच्च बसली होती. ओठ जांभळाच्या रंगाचे. कोणी पाणी आणा म्हणे, कोणी कांदा फोडा म्हणे. उस्ताद दोन बोटांनी त्याच्या घशातली माती काढत होते. आणि मी? मी अजून त्याचा घोटा धरूनच होतो. "सोड बे! सोड आता!" ते किंचाळले. मला सोडता येईना. दोघांनी माझं एकेक बोट उकलून काढलं.

मैदानावर सहसा बाई उतरत नसे. बहीण पदर सावरायचं भान न ठेवता धावत आली आणि त्याच्या छातीला कान लावून बसली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मनात एकच चाललं होतं, हिच्या कपाळावर मी हे लिहिलं, माझ्या ह्या हातांनी लिहिलं. उस्तादांनी त्याला पालथा घालून पाठीवर थापट्या मारल्या, एक, दोन, मी मोजायचं सोडून दिलं. मग त्याच्या घशातून विहिरीचा रहाट कुरकुरावा तसा आवाज आला आणि चिखल बाहेर पडला. बहीण मोठ्यानं रडली, तेव्हा मला कळलं की तो जिवंत आहे.

सरकारी दवाखान्यात तो बारा दिवस होता. मी रोज जायचो आणि दाराबाहेरच बसायचो. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात माती गेली, जगला हेच नशीब. तो जगला, पण दम गेला. चार पावलं चालला की धाप लागायची. खेळ तर सुटलाच, वखराच्या मागे चालणंही सुटलं. मला मात्र कोणी दोष दिला नाही. उलट उस्ताद म्हणाले, "पकड पाहाले भेटली तं अशी." मी तिथून उठून गेलो. त्या वर्षी मी खेळत राहिलो, खोली हवी होती ना! पण कोणाचा पाय ढिला पडला की मी ताबडतोब सोडून द्यायचो आणि गडी पळून जायचे. शेठच्या लक्षात यायला फार दिवस लागले नाहीत.

दिवाळीला भाटवा पातूरला आला. मोटारीतून उतरून वाडीपर्यंत येताना तीनदा बसला. तोंडावर हसू तेच. "या साळेबुवा, परात आणा," तो म्हणाला. मी परात घेऊन खाली बसलो, कोमट पाणी घातलं आणि उजवा पाय हातात घेतला.

तो पाय थरथरत होता.

भाटवा वर आईशी कापसाबद्दल बोलत होता, हसत होता, आणि खाली त्याचा घोटा माझ्या पंजात पाखरासारखा उडत होता. आयुष्यात मी इतके पाय धरले, असा भ्यालेला पाय एकदाही हाताला लागला नव्हता. मी हात सैल सोडायला पाहिजे होता. पण पाय निसटू पाहतो असं हातांना वाटलं आणि ते जे शिकले होते तेच त्यांनी केलं. आवळले.

भाटव्याचं बोलणं मध्येच तुटलं.

बहीण चुलीपासून उठून आली. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि एकेक बोट करून तिनं माझा हात उकलला.

"सोड, भाऊ," ती अगदी हळू म्हणाली. "सोड आता त्याईले."

तांब्या तिनं माझ्या हातातून घेतला आणि पाय तिनंच धुतले.