आबाचा खोकला

दोस्तहो, आज सकाळी माझी मस्करी माझ्याच अंगावर आली.

आमचे आबा दोन महिन्यांखाली वारले. घरात शिरायच्या आधी ते दारात खोकायचे, म्हंजे सुनेनं, माझ्या मायीनं, पदर सावरून घ्यावा.

आज बहिणीच्या डब्याची घाई अन् माय भाकरी थापून राहिली होती. मी दाराआडून बराबर आबासारखा खोकलो.

मायीनं पिठाच्या हातानंच डोक्यावर पदर घेतला. "बसा आबा, च्या झालाच," म्हणत कप भरला बी.

मंग तिला मी दिसलो. मला वाटलं, आता उलथनं येतंय!

"हसू नको," ती हळूच बोलली. "त्यायचा कप उंबऱ्याजवळ ठिव."

मी ठेवला. पदर तिनं खाली घेतलाच न्हाई.

तवापासून त्या दारातून जाताना मी खोकला दाबून राहिलो. तुमच्या घरी बी अजून कोणी येतं का?