राजीखुशीने सोडली म्हणे

साहेब माझ्या पाठीवर बसलेला. बूट त्याच्या पायातच. टाच माझ्या बरगडीत मारून म्हणायचा, "यल्ला, यल्ला." घोडा हाकावा तसा.

दुबईच्या खाडीत मी बार्जवर खलाशी होतो. साठनंतरची वर्षं ती. जहाज बाहेर समुद्रात उभं राहायचं, माल आम्ही बार्जने आणायचो. ओहोटीला बार्ज काठापर्यंत पोचायची नाही. मग साहेबाला पाठीवर घेऊन चिखलातून वाळूवर न्यायचं. त्याचा बूट भिजायचा नाही. माझं काय भिजत होतं ते कोण विचारतो.

साहेबाचं मी सोसलं. परका माणूस. पण कंपनीचा हेडक्लार्क आमच्याच रत्नागिरीचा. आमच्याच जमातीचा, मोठ्या घराण्यातला, मॅट्रिक. जुम्म्याला माझ्या बाजूला नमाजाला उभा राहायचा. मशिदीत बरोबरीचा. बाहेर आला की नवाब.

एक दिवस साहेबाला उतरवून मी परत बार्जजवळ गेलो. हा क्लार्क वर उभा.

"मला पण घे रे. नवी पाटलोण आहे."

मी म्हणालो, "तुमचे पाय शाबूत आहेत. चाला."

खलाशी हसले. तिथंच त्याला झोंबलं.

"उद्यापासून कामावर येऊ नको. खलास."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो. त्याने कागद पुढे सरकवला. लिहिलेलं, मी राजीखुशीने नोकरी सोडतो आहे.

कंपनीचा कायदा असा होता. कंपनीने काढलं तर इतक्या वर्षांच्या नोकरीचे एकरकमी पुरे पैसे. आपण होऊन सोडली तर तिसरा हिस्सा. कायदा करणारा कधी कुणाला पाठीवर घेऊन चालला नसणार.

मी म्हणालो, "मी कुठे सोडली? तुम्हीच येऊ नको बोललात."

"मी? कधी? कोणी ऐकलं?"

बार्जवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. मी एकेकाला विचारलं. कुणी दोरखंड आवळायला लागला, कुणी विडी पेटवली. काल हसणारी हीच तोंडं.

मग क्लार्क गोड झाला. "हे बघ, बायको वाट बघते ना तुझी? उद्या सगळ्यांच्या देखत मला पाठीवर घे, वाळूवर उतरव. मी लिहितो, काम संपलं म्हणून काढला. पुरे पैसे घे, जा, घराची जागा घे."

त्याला माहीत होतं. गावी आमचं घर खोताच्या जागेवर. 'उठा' म्हणाला की उठायचं. राहू देतो त्या बदल्यात माझी बायको खोताकडे भात कांडायची. तिने सांगून पाठवलेलं, जागा घेऊनच या.

पुरे पैसे मिळाले असते तर जागा झाली असती. तिसऱ्या हिश्श्यात कुंपण झालं असतं.

मी चौथी शिकलेलो. सही येत होती. केली नाही. त्याला पाठीवरही घेतला नाही. सही नाही म्हणून तिसरा हिस्साही दिला नाही त्यांनी. एका लाँचवर भाड्याच्या बदल्यात फुकट काम करत घरी पोचलो.

बायकोने ऐकून घेतलं. म्हणाली, "सही नाय केलीत, बरं झालं. पन माझी जागा गेली."

दोन्ही एका दमात. आणि सूप उचलून खोताकडे गेली. पुढे कित्येक वर्षं जात राहिली. मी तिच्याकडे बघत राहिलो. मला कुणी 'सबर कर', धीर धर, म्हटलं की आजही मी उठून जातो.

परवा ती गेली. इथेच, शारजात, अल नहदाला मुलाच्या फ्लॅटमध्ये. लोक मातमपुरसीला आले. कुणीतरी माझ्या जुन्या नोकरीचं विचारलं. मुलगा ऑफिसात मोठा माणूस आहे. तो म्हणाला, "अब्बांनी रिझाइन केलं होतं. रिझाइन केलं की बेनिफिट कमीच मिळतं. रूल आहे. फेअर आहे."

फेअर. आईच्या मातीला तीन दिवस झाले नव्हते.

मी तिथेच सांगितलं, "मी सोडली नव्हती. मला काढलं. आणि तुझ्या आईने त्याची किंमत कमरेने भरली."

तो म्हणाला, "अब्बा, सेम थिंग."

सेम नाही. जो कुणी सेम म्हणेल त्याच्या ताटाला मी हात लावणार नाही. मग तो पोटचा असो. काल जेवलो नाही. आज सुनेने थाळी दाराशी ठेवली आहे.

ठेवू दे.