गाईला जेवण विचारणाऱ्या बाई

गाय कुणाचीही असो, बाई आधी तिच्या तोंडाशी नाक नेत आणि विचारत, "ऊटा आतेन, अव्वा?" म्हणजे, जेवलीस का गं बाई. आमच्या हुबळीत हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जातं. बाई मात्र थांबत. डोळे मिटून गाईच्या श्वासात उभ्या राहत. ती उत्तर देते, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या जनावरांच्या डॉक्टर होत्या. देशपांडे नगरातल्या त्यांच्या घराची पुढची खोली हाच दवाखाना. मागच्या खोल्यांत त्या एकट्या राहत. मी त्यांच्याकडे मदतनीस म्हणून लागले ती तिथे फार बोलावं लागणार नाही, या आशेने. ती आशा बऱ्यापैकी खरी ठरली. बाई सगळ्यांच्या वाटचं बोलत.

कमरीपेठेत एका बाईची एक गाय होती. दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. गाय गाभण राहिली तेव्हा मालकिणीने तिचं कुबसा केलं. कुबसा म्हणजे आमच्याकडचं डोहाळजेवण. हिरवं खणाचं कापड पाठीवर घालून आरती ओवाळली, आणि त्यानंतर विण्याच्या दिवसापर्यंत रोज होळगी, म्हणजे पुरणपोळी, वर पेंड, मागेल ते. गाय गोल गरगरीत झाली. व्यायली, भरपूर दूध द्यायला लागली, आणि थोड्याच दिवसांत तिने खुराकावरून तोंड फिरवलं. मालकीण रडत दवाखान्यात आली. दृष्ट काढून झाली होती.

बाईंनी गोठ्यात बसून मालकिणीला सगळं कानडीत समजावलं. व्यायल्यावर दूध झपाट्याने चढतं, भूक मात्र मागून रेंगाळत येते. मधल्या दिवसांत गाय खाते त्याहून जास्त देते. हे जास्तीचं कुठून येणार? अंगातून. ती स्वतःची चरबी वितळवून दूध करते. आधीच लठ्ठ असलेली गाय तर खाते आणखी कमी आणि वितळते आणखी जास्त. एवढी चरबी यकृताला झेपत नाही, मग श्वासाला गोडसर वास येतो. पुढे काही महिन्यांनी दूध उतरतं, भूक वाढते, गेलेलं अंग भरून येतं. तेवढा काळ तिला निभावून न्यायचं.

"माहेरपण जरा जास्तच केलंत री," त्या शेवटी म्हणाल्या. मालकीण रडता रडता हसली.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तू बघ. कसा वास येतोय?"

मला वाटलं, परीक्षा घेतायत. मी वाकले. "नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा," मी म्हटलं आणि लाजले. मग सुधारून सांगितलं, "उतरलेल्या सफरचंदासारखा." त्यांनी मान हलवली, तपासायच्या पट्टीवर खात्री केली आणि शिरेतून ग्लुकोज लावलं.

त्यानंतर प्रत्येक गाईपाशी त्या मला विचारायला लागल्या. एकदा सकाळी मी दवाखान्याचं दार उघडलं आणि नाकाला ओढणी लावली. टेबलाखाली फिनेलची बाटली आडवी होऊन सगळं वाहून गेलं होतं. बाई त्याच टेबलाशी निवांत चहा पीत बसल्या होत्या. माझ्या ओढणीकडे पाहून त्यांना कळलं की मला कळलं.

"मागे ताप आला होता, त्यात वास कळणं गेलं," त्या म्हणाल्या. "परत यायचं काही नाव नाही."

मग गाईच्या श्वासात अजून का उभ्या राहता, असं मी विचारलं. तेवढं विचारायलाही मला दुपार झाली. त्या म्हणाल्या, "गाईंना सवय आहे गं."

मग मी त्यांचं नाक झाले. माझ्याच्याने दुसरं काही बोलवत नसे, पण वास मात्र मी मोठ्याने, स्पष्ट सांगायची. नुसत्या कडब्याचा, मॅडम. आंबूस आहे, मॅडम. काही नाही, मॅडम.

एवढं जवळ राहिल्यावर आणखीही काही दिसत होतं. घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकायचं. ब्लाउजच्या खांद्याला सेफ्टी पिन आली होती. गावभर जेवणाची चौकशी करणाऱ्या या बाई स्वतः कधी जेवतात, हे मी पाहिलंच नव्हतं. विचारायला हवं होतं, आणि मला तर कुणाचं नावही विचारायला जड जातं.

एका दुपारी इंजेक्शनची बाटली कशी धरायची ते दाखवायला त्या माझ्यावर वाकल्या. मी श्वास ओढला आणि हात थांबला.

"मॅडम, वास येतोय."

"कशाचा? इथे तर गाय नाही."

"गाईचा नाही."

त्या सरळ झाल्या. मग अगदी डॉक्टरच्या आवाजात म्हणाल्या, "कसा?"

"उतरलेल्या सफरचंदासारखा."

"किती?"

"कमरीपेठेतल्या गाईइतका."

त्यांनी तोंडासमोर तळहात धरून फुंकलं. मग हसल्या. "मी कुठे व्यायले गं?"

मला हसू आलं नाही, तसं त्यांचंही थांबलं. वास गेल्यापासून घास म्हणजे कागद चावल्यासारखं होतं, त्या म्हणाल्या. आणि एकटीसाठी कागद शिजवायचा कंटाळा येतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त तपासून घेतलं. मधुमेह नव्हता. नुसती उपासमार होती.

त्या दिवसापासून मी डब्यात दोघींपुरतं आणायला लागले. झाकण उघडलं की त्या डोळे मिटत, गाईपाशी मिटायच्या तसेच, आणि मी सांगायची. ज्वारीची भाकरी, एका बाजूला करपलीय. लसणाची चटणी, आईने लसूण जास्त घातलाय. मेथी. मग त्या खात. "करपलेली बाजू मला दे," असंही म्हणत. हळूहळू घड्याळ मनगटावर परत थांबायला लागलं. मी आयुष्यात कुणाशी एवढं बोलले नव्हते.

पुढे त्यांचे गुडघे गेले आणि भाचीने त्यांना पुण्याला नेलं. दुपारी फोन यायचा. "आज काय उघडलंस?" मी सांगायची, पलीकडे ताटाचा आवाज यायचा. मग एक दिवस भाचीचा फोन आला. झोपेतच गेल्या होत्या. आदल्या रात्री नीट जेवल्या होत्या, असं ती दोनदा म्हणाली.

आता मी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे काम करते. ते चांगले आहेत, कमी बोलतात. गेल्या आठवड्यात कमरीपेठेतली ती गाय पुन्हा व्यायली. या खेपेला मालकिणीने होळगी कुबसाच्या दिवशी केली तेवढीच. डॉक्टर बाहेर फोनवर होते. मी गाईच्या तोंडाशी वाकले, श्वास घेतला आणि मोठ्याने म्हटलं, "नुसत्या कडब्याचा, मॅडम."

मालकिणीने माझ्या मागे पाहिलं. बाई जिथे उभ्या राहत, तिथे. मग वैरणीचे हात पदराला पुसत तिने मला विचारलं, "ऊटा आतेन्री?"

आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.