खिडकीतले गोविंदराव

आधीच सांगून टाकतो – अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पारावर कुणी चिंचेखालच्या बाईचा विषय काढला, की मी धोतर झटकून घरी जायचो. आजही मला काही ‘दिसलं’ असं मी म्हणत नाही. मला काहीच दिसलं नाही… आणि चीड त्याचीच आहे. ज्यांना दिसलं ते खुशीत घरी गेले. निस्तरायला मागं मी राहिलो.

छत्तीस-सदतीस सालातली गोष्ट. बारामती-इंदापूर रस्त्यावर तेव्हा खाजगी सर्व्हिस मोटारी चालायच्या. अशाच एका सेठकडं मी नोकरीला होतो. इंदापूरच्या स्टँडवर तिकिटाच्या खिडकीत बसायचो. माझं नाव मुरलीधर, पण खिडकीत मी मुरलीधर नव्हतो. तिथं बसेल त्यानं आपलं नाव ‘गोविंदराव’ सांगायचं, असा सेठचा नियम. सामान हरवलं, मोटार चुकली, की लोक कारकुनाच्या घरी जाऊन भांडतात. खोट्या नावाचं घर कुणाला सापडणार, हा त्याचा हिशोब. बारामतीच्या खिडकीत माझा दोस्त नबीलाल होता. तोही गोविंदराव. मी मूळचा बारामतीचा, तो इंदापूरचा. पण ओळखणारं कुणी भेटू नये म्हणून सेठनं आम्हाला मुद्दाम उलटं बसवलं होतं.

नावाबरोबर एक वाक्यही दिलेलं होतं. कुणी काहीही गाऱ्हाणं आणलं, की म्हणायचं, “काळजी करू नका, मी स्वतः बघतो.” आता बघणार काय? माझ्याजवळ एक स्टूल आणि तिकिटांची थप्पी. टेलिफोनसुद्धा नव्हता. पण वाक्य ऐकून माणूस निमूट परत जायचा, आणि सेठला तेवढंच हवं होतं.

एका सकाळी वरकुट्याचे दगडूआबा आले. त्यांची मुलगी साळू तान्ह्या पोराला घेऊन दुपारच्या मोटारीनं बारामतीहून माहेरी यायची होती. बरोबर कुणी नव्हतं, आणि पोराचं अंग गरम असल्याचा निरोप आला होता. आबांनी खिडकीच्या गजाला धरून मला सांगितलं, “गोविंदराव, ल्येक एकटीच हाय. वाईच ध्यान ठिवा.”

मी ठरलेलं वाक्य म्हटलं. आबांना बरं वाटलं, ते गावी निघून गेले. मोटार सुटणार बारामतीहून आणि मी बसलेला इंदापुरात. मी काय कपाळ बघणार होतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा पुन्हा खिडकीशी हजर. डोक्यावर वांग्यांची पाटी, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, झालं काहीतरी वाईट. तर ते माझे हात धरून आभारच मानायला लागले. मला काही उमगेना. मग त्यांनी सगळं सांगितलं.

काटेवाडी ओलांडल्यावर मोटारीचं इंजिन तापून बंद पडलं होतं. ड्रायव्हर बादली घेऊन कॅनॉलवर पाण्याला गेला. तेवढ्यात साळूच्या पोराला झटके यायला लागले. पॅसेंजर नुसते गोळा झाले, करायचं काय ते कुणालाच सुचेना. तेव्हा रस्त्यानं काळा कोट घातलेला एक उंच माणूस आला. “मी मोटारीच्या हपिसातला गोविंदराव,” म्हणाला. समोरून काटेवाडीकडं येणारी बैलगाडी त्यानं थांबवली, साळूला पोरासकट बसवलं आणि काटेवाडीच्या वैद्याच्या दारात नेऊन सोडलं. वाटभर पोराच्या डोक्यावर छत्री धरून होता. संध्याकाळपर्यंत पोरानं डोळे उघडले. आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागलं नसतं, असं वैद्य म्हणाले. रात्री वैद्याच्या घरीच राहून साळू सकाळच्या मोटारीनं माहेरी पोचली होती.

मी म्हणालो, “आबा, मी काल दिवसभर इथंच होतो.”

“ऱ्हाऊ द्या की,” ते हसले. खिडकी सोडून गेलो म्हणून मी सेठला भितोय, असं त्यांना वाटलं. पाटी ठेवून ते निघूनही गेले.

म्हटलं, नबीलालनं केलं असणार. ड्रायव्हरबरोबर त्याला विचारून पाठवलं. उलट तोच माझ्यावर भडकला. बारामतीत बाजार होता, अख्खी दुपार त्याला मान वर करायला फुरसत नव्हती, सारा स्टँड साक्षीला. शिवाय वरकुट्याच्या म्हाताऱ्यानं इंदापुरात काय सांगितलं, ते त्याला कळणार कसं? ड्रायव्हरला विचारलं, तर तो पाणी घेऊन परत आला तेव्हा बैलगाडी निघून गेली होती.

पुढं जे झालं त्यानं माझं डोकं उठलं. गोष्ट बावड्यापर्यंत पसरली. लोक भलभलती कामं घेऊन यायला लागले – सुनेला सोडायला चला, म्हातारीला दवाखान्यात न्या. मी नाही म्हटलं की, “दगडूआबाचं बरं केलंत, आमीच परके व्हय?” एकानं तर चारचौघांत माझ्या तोंडावर सुनावलं, की पहिले गोविंदराव माणूस होते, हे नुसतंच सोंग आहे. आणि सोंग तर मी खरंच होतो… भांडू कशावरून?

शेवटी सेठला गाठलं. हे नाव आणलं कुठून, म्हणून विचारलं. वाटलं, कुणी मेलेला कारकून असेल, निदान धागा तरी सापडेल. सेठ म्हणाला, तोंडाला आलं ते ठेवलं, असा माणूस कधी कुणी नव्हता. चौकशी करा म्हटलं, तर म्हणे सर्व्हिसचं नाव होतंय, तू कशाला खोड काढतोस?

मग सुट्टीच्या दिवशी मीच वरकुट्याला गेलो. आबांनी साळूला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “ह्येच गोविंदराव, पाया पड.”

तिनं माझ्याकडं पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. “ह्ये न्हाईत,” म्हणाली.

तो माणूस आणखी काय बोलला, ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, “जास्त न्हाय बोलले. पोराकडं बघितलं अन् म्हनले, तुमच्या आबांना सांगितलंय, काळजी करू नका, मी स्वतः बघतो.”

हे वाक्य मी आबांना म्हटलं तेव्हा खिडकीशी तिसरं कुणीच नव्हतं. आणि साळूची-आबांची गाठ पडली ती दुसऱ्या दिवशी.

मी त्या अंगणात सगळं सांगून टाकलं. माझं नाव मुरलीधर, गोविंदराव म्हणून कुणीच नाही, ते सेठनं रचलेलं नाव आहे. आबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “आन मग मी त्या दिशी सांगितलं कुनाला?”



निघालो तेव्हा साळू पोराला खांद्यावर घेऊन दारापर्यंत आली. तिनं एवढंच सांगितलं, “कवा गाठ पडली तर त्येस्नी सांगा, पोरगं बरं हाय.”

ती नोकरी मी लवकरच सोडली. काटेवाडीत चार वेळा जाऊन विचारून आलो. काळ्या कोटातल्या उंच माणसाला ना त्याआधी कुणी पाहिलं होतं, ना नंतर. वाचकांपैकी कुणाला काही खुलासा सुचत असेल तर कळवा, मी तर आता थकलो. साळूचा तो मुलगा आज बाप झालाय. पण त्याच्या आईचा निरोप अजून माझ्याजवळच आहे… आणि तो कुणाच्या दारात जाऊन सांगायचा, ते मला कळत नाही.