लग्न झालं असेल तिचं

सहा महिन्यांच्या व्हिसावर ऑस्ट्रेलियात आमच्याकडे आलेल्या माझ्या सासूबाईंनी वॉलॉंगॉंगचा समुद्र पाहिला एकदा आणि कोरियन मालिका पाहिल्या रोज, हिंदी डबिंगमध्ये. त्यातली एक नटी त्यांची फार लाडकी. आधी नायिकेची मैत्रीण, मग स्वतःच नायिका. "ही खरं रडते बघ," असं त्या मला बोलावून दाखवायच्या. मग मधल्या पाच-सहा वर्षांतली तिची एकही मालिका सापडेना, आणि परत आली ती थेट आईच्या भूमिकेत!

"लग्न झालं असेल," सासूबाईंनी निकाल लावला. "सासरच्यांनी सोडायला लावलं असेल." मीही मान डोलावली. बाई दिसेनाशी झाली की आपल्याला दुसरं काही सुचतच नाही.

माझं तरी डोकं कुठे ठिकाणावर होतं? मी एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. शेजारच्या टेबलावरची कोरियन मैत्रीण, सहा महिन्यांची गरोदर, उभ्याउभ्या चक्कर येऊन पडली होती. तिने बसायला खुर्ची मागितली होती आणि मॅनेजरने "बघू" म्हणून टोलवलं होतं, माझ्यादेखत. पण त्याने कागद पुढे केला तेव्हा मी लिहून दिलं, मी काही ऐकलं नाही. आमची पीआरची, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीची, फाइल त्याच लॅबच्या हातात होती ना! इथल्या आमच्या मराठी ग्रुपचा नियमच आहे: पीआर होईपर्यंत नवा सोफा घ्यायचा नाही, पुण्याला कुणाला सांगायचं नाही आणि ऑफिसात तोंड उघडायचं नाही. नवराही तेच म्हणाला. आता तिने तक्रार केली, तर तिने खुर्ची मागितलीच नव्हती, ती खोटं बोलते असं लॅबचं म्हणणं. शुक्रवारी मीटिंग, आणि तिची नोकरी जायची चिन्हं.

बुधवारी दुपारी ती घरी आली. पोहे खाता खाता म्हणाली, "तू ऐकलंस ना? शुक्रवारी येशील?" मी म्हटलं, "बघते."

तेवढ्यात टीव्हीवर ती नटी आली आणि सासूबाईंनी मला मध्ये घालून विचारलंच, "हिचं लग्न झालं होतं ना गं?"

मैत्रीण हसायला लागली. कसलं लग्न! सेटवर कपडेपट सांभाळणाऱ्या बायकांना दोन-दोन तासांच्या झोपेवर राबवायचे. त्यातली एक कोसळली. नटीने ते जाहीर सांगितलं, त्या बायकांबरोबर चॅनेलच्या दारात धरणं धरलं. मग तिला कामच कोणी देईना. ती आईच्या खानावळीत भांडी घासायची, पण धरणं सोडलं नाही. शेवटी त्या बायकांच्या विश्रांतीचे तास करारात आले. आजही कुठे कामगार बायका बसल्या की ही जाते.

"आणि बाकीच्या नट्या?" सासूबाई.

"म्हणाल्या, आम्ही काही पाहिलं नाही."

"मुडदा बसवला मेल्यांचा!" सासूबाई कडाडल्या. "आपलं ताट सांभाळत बसल्या होय!"

मैत्रिणीने विचारलं, आई काय म्हणतायत? आणि मला ते शब्दन् शब्द भाषांतर करून सांगावं लागलं.

शुक्रवारी मी गेले. म्हटलं, "मी लिहून दिलं ते खोटं आहे. तिने खुर्ची मागितली होती, मी ऐकलंय." तिची नोकरी राहिली. आमची फाइल मात्र अजून हललेली नाही, आणि नवरा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. तरी सांगते, त्या कुठल्या कोण नटीचे आणि माझ्या तोंडाळ सासूबाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मीटिंगनंतर पार्किंगमध्ये मी मैत्रिणीची माफी मागायला लागले. तिने माझा हात धरला.

"तुझा कागद त्यांनी मला सोमवारीच दाखवला होता," ती म्हणाली. "म्हणून तर बुधवारी आले."