भागाकाकीच्या हातचे गरे

भागाकाकी फणस कापायला बसली की वाडीतली पोरं न बोलावता गोळा व्हायची. कोपरापर्यंत खोबरेल चोपडून ती कोयता चालवायची आणि ज्याच्या त्याच्या ओंजळीत गरे घालायची. स्वतः मात्र एक गराही कधी तोंडात टाकला नाही. कुणी फार आग्रह केला तर म्हणायची, "माजा वाटा सरला."

ती माझी सख्खी चुलती, माहेर नंदिगड्ड्याचं. कॅसलरॉकच्या अलीकडे रानात आमची चार घरांची वाडी होती. काकीची जीभ फटकळ, पण माया तिच्याएवढी कुणी केली नाही. तिच्या नाकाचा वाडीत दरारा होता. रात्री घरामागच्या परड्यातून गवा गेला तर सकाळी ती वासावरून सांगायची. पोरांनी चोरून काही खाल्लं तर त्यांना जवळ ओढून तोंड हुंगायची आणि नेमकं नाव घ्यायची. "डोळं फसत्यात, नाक फसत न्हाई," असं तिचं ठाम मत होतं.

तिची एकुलती एक शेवंती आठ वर्षांची होती, माझ्याहून थोडी लहान. त्या उन्हाळ्यात ती बघता बघता वाळत गेली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची, आणि ती लघवीला जाऊन आली की तिथं मुंग्या लागायच्या. काका-काकीनं तिला गाडीत घालून कॅसलरॉकच्या डॉक्टरांकडे नेलं. सोबत म्हणून मीही होते. डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं औषध आणि तिची लघवी एकत्र उकळली. निळ्याचं विटकरी झालेलं पाहून त्यांनी नळी बाजूला ठेवली.

"मधुमेह आहे. इतक्या लहान मुलाला झाला तर यावर औषध नाही. भात, गूळ, फळं बंद करा. तेवढेच दिवस लांबतील."

सुईनं द्यायचं औषध तेव्हा निघालं नव्हतं. काकी एवढंच म्हणाली, "बंद करायचं ते मी बगते. लांबवायचं ते देव बगंल."

आणि तिनं बघितलंच. घरातला गूळ शेजारी देऊन टाकला. पिकल्या फणसाचा वास घरात लपवता येत नाही, म्हणून झाडांवरचे सगळे फणस कोवळेच उतरवून त्यांची भाजी केली. आमच्याकडे हंगामातला पहिला पिका फणस देवाचा असतो. त्यासाठी परड्याच्या टोकाला एकच फणस झाडावर ठेवला. आम्ही पोरं रुसलो तेव्हा म्हणाली, "शेवूला न्हाई तर कुणालाच न्हाई." तिनं स्वतःही भात सोडला. मायलेकी शेजारी बसून अंडं आणि पाल्याची भाजी खायच्या. शेवंती कधी "आये, येक घास भात दे गे" म्हणून रडायची. काकी मागे पाणी आणायला म्हणून जायची आणि डोळे धुऊन रिकामी घागर घेऊन परत यायची.

एके दुपारी शेवंती माजघरात ग्लानीत पडली होती. घाम पुसायला काकी तिच्यावर वाकली आणि तशीच थांबली. पोरीच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोड वास येत होता.

"फणस खाल्लास?"

"न्हाई गे आये."

"खोटं बोलू नको."

"तुजी आन, न्हाई खाल्लं."

काकीनं तिच्या गालावर चापट मारली. एवढे दिवस मन घट्ट करून सांभाळलेलं सगळं कुणीतरी मातीत घातलं, असं तिला वाटलं असणार. मग माझ्याकडे वळली. "तू दिलास तिला?" मी रडत नाही म्हटलं. ती तडक परड्याच्या टोकाला गेली, मी तिच्यामागे धावले. देवाचा फणस झाडावर होता, हिरवा, काटेही अजून टोकदार. काकीनं त्याच्यावरून हात फिरवला आणि खाली बसली.

काका डॉक्टरांना घेऊन आला तोवर शेवंती हाकेला ओ देत नव्हती. श्वास मोठमोठ्यानं चालला होता. डॉक्टर म्हणाले, "हा वास फळाचा नाही, आजाराचाच आहे. शेवटी शेवटी येतो."

काकीनं विचारलं, "मी मारल्यालं तिला कळलं आसंल काय?"

दिवस मावळायच्या आत शेवंती गेली.

देवाचा फणस पुढं पिकला. काकीनं तो स्वतः उतरवला, देवापुढं ठेवला, कापला आणि सगळ्या पोरांना वाटला. दर उन्हाळ्याला तेच. पण त्यानंतर तिनं कुठल्याच पोराचं तोंड हुंगलं नाही.

मी लग्न होऊन सासरी गेले. एका उन्हाळ्यात धाकट्या लेकाला घेऊन वाडीत आले होते. देवापुढं ठेवायचे गरे ताटातून नाहीसे झाले. "मी न्हाई खाल्ले," असं तो म्हणाला आणि मी हात उगारला. काकीनं माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"न्हाई म्हणतंय न्हवं लेकरू? मग न्हाई खाल्लं."

त्याच्या ओठांना फणसाचा चीक लागलेला मला दिसत होता. काकीलाही दिसत होता. तिनं बोटावर खोबरेल घेतलं, त्याला मांडीवर घेतलं आणि त्याचे ओठ हळूहळू पुसत बसली.